कार्बोरेटर उघडण्याआधी

घाटकोपर पश्चिमेला असल्फा किंवा भटवाडीच्या चढावर दुचाकी गचके द्यायला लागली, की जमलेल्या तिघांकडून तीन कारणं ऐकायला मिळतात, पण उपाय तिघांचाही एकच: ‘कार्बोरेटर साफ करून घ्या.’ पिकअप पडला, कार्बोरेटर. एव्हरेज घसरलं, कार्बोरेटर. पावसात बंद पडली, तरी कार्बोरेटरच. गाडीच्या पोटात इतका बदनाम दुसरा भाग नसेल, आणि या बदनामीतली निम्मी तरी खोटी आहे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा हे प्रदूषणाचं मानक लागू झालं आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. बजाजच्या काही लहान गाड्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेला कार्बोरेटर टिकला, बाकी सगळीकडे इंजेक्शन आलं. पण त्याआधीच्या गाड्या आजही रस्त्यावर आहेत, आणि माती-चिखलात गाडी घालण्याची हौस असलेल्यांचा जीव तर त्यांच्यातच अडकलेला. २०११ साली आलेली हिरोची इम्पल्स घ्या, २०१९ च्या एक्सपल्स २०० ची कार्बोरेटरवाली आवृत्ती घ्या, नाहीतर उंच मडगार्ड आणि गुटगुटीत टायर चढवलेली एखादी जुनी आरएक्स १००. कावासाकीच्या केएलएक्स ११० आणि १४० या निव्वळ मातीतल्या गाड्याही कार्बोरेटरच्याच. मात्र त्यांची आरटीओत नोंदणी होत नाही, त्या टेम्पोत घालूनच न्याव्या लागतात. ज्यांना तो थाट परवडत नाही ते रविवारी माळशेजच्या पायथ्याला चिखल तुडवतात आणि सोमवारी त्याच गाडीने एलबीएस मार्गाने कामावर जातात. असा दुहेरी संसार करणाऱ्या गाडीच्या मालकाला पुढची वाक्यं हमखास ऐकायला मिळतात.

‘गाडी त्रास देतेय, म्हणजे कार्बोरेटरमध्ये कचरा आला’

येऊ शकतो. पण आधी पाच गोष्टी बघायच्या, ज्यांच्यासाठी कार्बोरेटर खोलावा लागत नाही.

गाडी पाच-सात किलोमीटर झकास चालते, मग दम तोडते, दहा मिनिटं उभी केली की पुन्हा चालू होते. हे लक्षण दिसलं की पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून कान लावा. ‘सुस्स’ करून हवा आत शिरली, तर दोष झाकणातल्या बारीक भोकाचा. टाकीतलं पेट्रोल कमी होईल तशी तिथे हवा यायला हवी. भोक मातीने बुजलं की आत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरायचं थांबतं. मातीत लोळून आलेल्या गाडीत हे वरचेवर होतं. टाचणीने भोक मोकळं केलं की काम झालं. या एका भोकापायी किती कार्बोरेटर विनाकारण खोलले गेले असतील, याची गणतीच नाही.

दुसरा एअर फिल्टर. श्रेयस सिनेमापासून विक्रोळी-भांडुपकडे एलबीएस मार्गावर मेट्रो ४ चं काम वर्षानुवर्षं चाललं आहे, आणि त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या गाडीचा फिल्टर काढून झटकला की त्यातून सिमेंटची पूड पडते. फिल्टर गच्च भरला की हवा कमी, पेट्रोल जास्त, प्लग काळा. मग प्लग बघून कोणीतरी निदान करतो की कार्बोरेटर पेट्रोल जास्त सोडतोय. सोडत नसतो बिचारा. त्याला हवाच मिळत नसते.

तिसरा स्पार्क प्लग, चौथे टॅपेट. व्हॉल्व्हची फट कमी झालेली गाडी सकाळी सुरू व्हायला त्रास देते आणि ते दुखणं हुबेहूब कार्बोरेटरसारखं दिसतं. पाचवं म्हणजे कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर. त्याला तडा गेला की तिथून चोरटी हवा शिरते, आणि सिग्नलला हात सोडला तरी रेस खाली येत नाही, वरच लटकून राहते. गाडी चालू ठेवून रबरावर साबणाचं पाणी फवारा. आवाज बदलला, तर चोर तिथे आहे.

एवढं करूनही दुखणं राहिलं, तर मग कार्बोरेटरकडे वळायचं.

‘चोक ओढल्याशिवाय चालत नाही, थंडी आहे ना!’

मुंबईत थंडी? मे महिन्याच्या सकाळीही गाडीला चोक लागत असेल, आणि चोक आत ढकलला की ती मरत असेल, तर हवामानाला दोष देऊ नका. चोक म्हणजे मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवण्याची सोय. चोकवर गाडी सुधारते, याचा अर्थ एरवी तिला पेट्रोल कमी पडतंय. आणि तेही कमी रेसवर, म्हणजे बहुतेक वेळा स्लो जेट, कमी रेसचं पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा भाग, बुजलाय. शंभर रुपयांचंही यंत्र न वापरता केलेली ही सगळ्यात भरवशाची चाचणी आहे. उलट चोक जरासा ओढला की गाडी आणखी घुसमटत असेल आणि मागून काळा धूर येत असेल, तर पेट्रोल आधीच जास्त आहे. तिथे जेट साफ करून हाती काही लागणार नाही. फ्लोट आणि त्याची सुई बघायला हवी.

कुठल्या रेसला गाडी अडते हेही लक्षात ठेवून गॅरेजमध्ये सांगावं. जागेवर आणि अगदी हलक्या रेसला काम स्लो जेटचं. पाव ते पाऊण रेसला पिस्टनमधल्या निडलचं. त्यापुढे, पूर्ण मूठ पिळल्यावर, मेन जेटचं. नुसतं ‘गाडी बरोबर नाहीये’ म्हणण्यापेक्षा ‘सिग्नलवर बंद पडते, पण हायवेला छान पळते’ असं सांगितलं, की कसलेला मेकॅनिक गाडीला हात लावायच्या आत स्लो जेटचं नाव घेतो.

‘तार घाला, मोकळं होईल’

इथे जरा थांबायला हवं, कारण सर्वांत जास्त कार्बोरेटर या एका सल्ल्याने बिघडले आहेत.

कार्बोरेटरचं काम समजायला अवघड नाही. इंजिन हवा ओढतं, ती हवा एका अरुंद गळ्यातून जाते, तिथे तिचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. त्या उतरलेल्या दाबामुळे खालच्या बाऊलमधलं पेट्रोल जेटच्या भोकातून वर खेचलं जातं. बाऊलमध्ये पेट्रोल किती असावं हे फ्लोट ठरवतो. फ्लशच्या टाकीतला फुगा पाणी अडवतो तसाच. म्हणजे सगळा हिशेब शेवटी भोकाच्या मापावर येऊन ठेपतो. कीहिनच्या मेन जेटवर १०५ असा आकडा कोरलेला असेल, तर त्याचं भोक १.०५ मिलीमीटरचं. स्लो जेटचं याहून कितीतरी बारीक, ०.३५ ते ०.४० मिलीमीटरच्या घरातलं. आणि जेट असतो पितळेचा, म्हणजे मऊ. त्यात ब्रेकच्या केबलमधली पोलादी तार घालून फिरवली की भोक घासलं जातं. ०.३८ चं ०.४० झालं तर डोळ्याला काय दिसणार? पण भोकाचं क्षेत्रफळ जवळपास ११ टक्क्यांनी वाढलेलं असतं. गाडी त्या दिवशी सुरू होते, मालक खूश होतो, आणि महिनाभराने एव्हरेजची तक्रार घेऊन परत येतो. मग एव्हरेज वाढवायला स्क्रू पिळला जातो. एका चुकीवर दुसरी.

बरोबर पद्धत वेळ मागते, एवढंच. पेट्रोलचा कॉक बंद करायचा. बाऊलच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या भांड्यात उतरवायचं. काचेच्याच, कारण तळाशी पाण्याचा थेंब असेल तर तो लगेच दिसतो: पेट्रोलखाली गोल, चकचकीत, भांडं हलवलं की घरंगळणारा. गंजाचे तांबूस कण दिसले तर ते टाकीतून येताहेत. अशा वेळी कार्बोरेटर कितीही धुतला तरी आठवड्यात पुन्हा तेच. आधी टाकी आणि कॉकची जाळी साफ करायला हवी.

बाऊलचे स्क्रू दिसायला साध्या ‘प्लस’चे असले तरी जपानी बनावटीच्या कार्बोरेटरवर त्यांची खाच जरा निराळ्या घडणीची असते. आपला नेहमीचा स्क्रूड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, घसरतो आणि माथा खातो. जेट काढताना खाचेत गच्च बसेल असाच रुंद स्क्रूड्रायव्हर हवा. फ्लोटची पिन हलक्या हाताने ढकलायची. ठोकली तर तिला धरणारा खांब तुटतो, आणि खांब तुटला की अख्खा कार्बोरेटर भंगारात. सगळी रबरं, ओ-रिंगा आणि पडदा असलेला कार्बोरेटर असेल तर तो पडदाही बाजूला काढल्याशिवाय क्लीनरचा फवारा मारायचा नाही. क्लीनरने आणि पेट्रोलनेही पडदा फुगतो, जागेवर बसत नाही, आणि मग ‘नवीन पडदा टाकावा लागेल’ असं ऐकायला मिळतं. फुगलेला पडदा घाईघाईने कोंबायचा नाही. वाऱ्यावर सुकू दिला तर पुष्कळदा मूळ मापाला येतो.

जेट क्लीनरमध्ये बुडवून रात्रभर ठेवावा. सकाळी उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघावं. भोक स्वच्छ गोल दिसलं पाहिजे. कडेला हिरवट-पिवळा गोंदासारखा थर दिसला तर पुन्हा बुडवायचं. नायलॉनच्या ब्रशचा एखादा केस घालायला हरकत नाही, धातूचं काहीही नाही. मग कॉम्प्रेसरची हवा, डोळ्यांवर चष्मा लावून. नुसते जेट फुंकून भागत नाही. कार्बोरेटरच्या अंगातले मार्ग एकेक करून फुंकायचे आणि एका तोंडातून मारलेला फवारा दुसऱ्या तोंडातून बाहेर येतोय ना, ते डोळ्याने बघायचं. घाईत केलेल्या सफाईत नेमकं हेच राहून जातं.

जेटच्या भोकाला आधीच तार लागलेली असेल, तर साफसफाईचा हट्ट सोडून नवा जेट टाकावा. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुने-नवे सुटे भाग ढिगाने मिळतात, पण जेट घेताना आकडा आणि बनावट तपासूनच घ्या. नकली जेटवर कोरलेला आकडा आणि त्याचं खरं भोक यांची गाठ पडेलच असं नाही.

‘स्क्रू थोडा फिरवला की एव्हरेज वाढतं’

वाढतं, काही दिवस. पण कुठला स्क्रू आणि कुठल्या बाजूला? मिश्रणाचा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल, जसा बऱ्याच जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत असतो, तर तो हवेचा: बाहेर काढला की मिश्रणात हवा वाढते. तोच इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा: बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. एकाच्या गाडीवर लागू पडलेला सल्ला दुसऱ्याच्या गाडीवर उलटा पडतो तो यामुळेच. एव्हरेजच्या नादात पेट्रोल कमी करत नेलं की इंजिन तापतं, चढावर खणखण आवाज येतो, आणि टू-स्ट्रोक असेल तर पिस्टन पकडण्यापर्यंत मजल जाते. वाचलेल्या पेट्रोलच्या कितीतरी पट पैसे बोअरच्या कामात जातात. स्क्रू काढण्याआधी तो आत किती फेरे जातो ते मोजून कागदावर लिहून ठेवावं. बसवताना तेवढेच फेरे बाहेर.

‘पीयूसी पास आहे, म्हणजे कार्बोरेटर ठीकच’

दुचाकीची ही तपासणी गाडी जागेवर उभी असताना होते. त्या वेळी काम करत असतात फक्त स्लो जेट आणि मिश्रणाचा स्क्रू. मेन जेट आणि निडलची परीक्षा तिथे होतच नाही.

‘पंपवाल्याने पेट्रोलमध्ये पाणी मारलं’

पावसाळ्यात हे वाक्य घरोघरी. भेसळीचा संशय असेल तर पंपावर फिल्टर पेपरची चाचणी आणि पाच लिटरचं माप मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. तो जरूर बजावा. कागदावरचा थेंब एक-दोन मिनिटांत डाग न ठेवता उडून गेला पाहिजे. पण हा कागद रॉकेलसारखी भेसळ दाखवतो, पाणी नाही. आणि बाऊलमध्ये सापडणारं पाणी पुष्कळदा आपल्याच गाडीच्या झाकणातून शिरलेलं असतं. टाकीच्या तोंडाभोवती साचणारं पावसाचं पाणी खाली सोडायला एक बारीक नळी असते. ती चिखलाने बुजली की पाणी तिथेच तुंबतं आणि झाकणाच्या जुन्या रबरातून आत झिरपतं.

इथेनॉलचं प्रकरण वेगळं, आणि त्याबद्दल दोन्ही बाजूंनी बरंच काही बोललं जातं. २०२२ च्या मध्यापर्यंत देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल दहा टक्क्यांवर पोचलं होतं; २०२५ मध्ये वीस टक्के झालं. ते बहुतांशी ऊस आणि धान्यापासून बनतं, त्यामुळे आपल्या राज्यातल्या साखर कारखान्यांचा त्यात मोठा वाटा. ‘इथेनॉलने कार्बोरेटर विरघळतो’ हा गैरसमज. ‘काहीच फरक पडत नाही’ हाही गैरसमजच. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साधारण साडेतेरा. जेट तेच, हवा तीच, तर जुन्या कार्बोरेटरमधलं मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ पडतं. इंजेक्शनच्या गाडीतला सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो; कार्बोरेटरला ती अक्कल नाही. मुळातच काटकसरीने जेट लावलेल्या गाडीला गचके आणि चोकची सवय यातूनही लागू शकते, मग सफाई कितीही करा. तिथे अनुभवी हाताने स्क्रू किंवा जेट एखादं माप वाढवणं हाच उपाय.

दुसरं असं, की इथेनॉल हवेतला ओलावा पितं. गाडी रोज चालत असेल तर याची फिकीर नको. पण जूनमध्ये सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेवलेली गाडी थेट दसऱ्याला बाहेर काढायची असेल, तर ठेवतानाच कॉक बंद करा आणि बाऊल रिकामा होऊन गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. उरलंसुरलं ड्रेन स्क्रूने काढा. जुनी रबरंही एकदा बदलून घ्या. ती वीस टक्क्यांसाठी बनलेलीच नव्हती.

‘मोठा जेट, मोकळा फिल्टर, जास्त ताकद’

इंजिन जेवढी हवा घेईल तेवढंच पेट्रोल जाळेल. नुसता मोठा जेट टाकला तर जास्तीचं पेट्रोल प्लग काळा करतं आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. फिल्टरच काढून टाकणाऱ्यांबद्दल काय बोलावं! माळशेजची माती बोअरमध्ये गेली की ती पॉलिश पेपरचंच काम करते.

‘घाटावर जायचंय, जेट बदलून घ्या’

महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे. तिथली हवा घाटकोपरच्या मानाने साधारण १२ टक्के विरळ, आणि मिश्रणावर होणारा परिणाम त्याच्याही निम्मा. चांगल्या अवस्थेतला कार्बोरेटर एवढं सहज पचवतो. लडाखचा बेत असेल, पाच हजार मीटरच्या खिंडी ओलांडायच्या असतील, तर मात्र लहान मापाचा मेन जेट खिशात असू द्या.

‘पडली, पेट्रोल वाहिलं, म्हणजे कार्बोरेटर गेला’

मातीत गाडी आडवी होणारच. आडवी झाली की फ्लोट पेट्रोल अडवू शकत नाही आणि ते ओव्हरफ्लोच्या नळीतून वाहतं. ती नळी त्याचसाठी दिलेली आहे. उभी केल्यावर ती सुरू होत नाही, कारण इंजिनात पेट्रोल जास्त झालेलं असतं. अशा वेळी चोक ओढणं म्हणजे बुडत्याला पाणी पाजणं. चोक बंद, मूठ पूर्ण पिळलेली, आणि मग किका. चार-पाच किकांत बोलते. गाडी सरळ उभी असतानाही नळी ठिबकत असेल, तर मात्र फ्लोटच्या सुईवर रिंगण पडलंय किंवा तिच्याखाली कण अडकलाय.

चढावरच्या गचक्यांचं उत्तरही इथेच सापडतं. असल्फ्याच्या उभ्या गल्लीत बाऊलमधली पातळी तिरकी होते, आणि फ्लोटची उंची चुकलेली असेल तर सपाटीवर लपून राहिलेला दोष तिथे उघडा पडतो. जेट दहा वेळा साफ करून तो जाणार नाही. फ्लोटचं माप गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, त्याप्रमाणे लावावं लागतं.

‘दर सर्व्हिसिंगला खोलून घ्यायचाच’

नको. दर वेळी खोललं की गॅस्केट चिरडतं, स्क्रूचे माथे झिजतात, आणि चालत्या कार्बोरेटरमध्ये बाहेरची माती जाते. लक्षण दिसलं तरच खोला. त्याऐवजी महिन्यातून एकदा ड्रेन स्क्रू सैल करून बाऊलमधलं थोडं पेट्रोल काचेत उतरवून बघा. स्वच्छ असेल तर स्क्रू घट्ट करा आणि कामाला लागा.

आणि हे काम घरात, पोटमाळ्याखाली, देवघरातल्या समईच्या किंवा गॅसच्या आसपास करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरपटत जाते आणि दूरची ठिणगीही तिला पुरते. काढलेलं जुनं पेट्रोल गटारात तर मुळीच ओतू नका. आपल्या गल्ल्यांत गटारं घरांच्या उंबऱ्याला लागून वाहतात. झाकण घट्ट बसणाऱ्या कॅनमध्ये भरून ते नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला द्या. सुटे भाग धुवायला त्याला ते लागतंच.